जुन्या तुसाची मूठ

जासई
१४ नोव्हेंबर १९७८

पुतळा,

तुझा पत्ता पनवेलच्या उबवणी केंद्रातून घेतला. किसनच्या जागी पिल्लांची गाडी आता दुसराच माणूस चालवतो. त्यानं विचारलं, तुम्ही किसनच्या कोण? मी म्हटलं, कोणी नाही. तरी त्यानं परभणीचा पत्ता लिहून दिला.

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. मी रागावलेली नाही. फक्त तू जे डोक्यात धरून गेलीस ते तसं नाही, एवढं सांगायचं आहे.

तुझे बाबा मे महिन्यात गेले. दहाव्याला आपण घर सारवलं, अंथरुणं खाडीवर नेऊन धुतली, जुनी मडकी टाकली. मी कोंबड्यांची शेडसुद्धा सोडली नाही. पिल्लांच्या खोलीत फिनेल टाकलं, भिंतींना चुना मारला, मागच्या बाजूला बाबांनी कोंबड्यांच्या पायाखालून काढून साठवलेला जुन्या तुसाचा ढीग होता तो पेटवून दिला. जाईबाई म्हणाली, हिच्या पिल्लांच्या खोलीत आता देव मांडावेत. तुझी ती काकू कधी कोणाचं चांगलं बोलत नाही, तीसुद्धा म्हणाली.

मग जूनमध्ये तीनशे पिल्लं आणली. दीड महिना एक मेलं नाही. बाबांच्या हाताखालीसुद्धा कधी अशी तकतकीत पिल्लं झाली नव्हती. मला वाटलं, माणूस गेला तरी त्याचं काम मी राखलं. मग त्यांना मोठ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सोडलं आणि सहाव्या दिवशी तुसावर रक्त दिसलं. रक्ती हगवण. आठवड्यात दोनशे अकरा गेली. खड्डे तूच खणलेस, मी नाकारत नाही.

पण तू विचार कर. एवढ्या स्वच्छ ठिकाणी रोग येतो तो बाहेरूनच येतो. तू पनवेलला जायचीस, त्याच चपलांनी शेडमध्ये शिरायचीस. मी चपलांबद्दल बोलले. तू ते माणसाबद्दल धरलंस आणि त्याच माणसाबरोबर निघून गेलीस.

घर मोठं वाटतं. बाबांची खाट मी अजून उभी केलेली नाही. संध्याकाळी कोंबड्या कोंडायला गेले की दाराची कडी लावायला दुसरं कोणी नसतं. एका हातानं फळी धरायची आणि दुसऱ्यानं कडी, ते मला अजून जमत नाही.

जे झालं ते झालं. गावाला मी समजावीन. परत ये. एकटी ये.

आई


जासई
२ फेब्रुवारी १९७९

पुतळा,

आधीचं पत्र परत आलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलेलं. सिताराम पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं आणि सायकल वळवून लगेच निघाला, नेहमी पाणी प्यायला थांबतो तो थांबला नाही. पत्र फोडलेलं होतं आणि परत चिकटवलेलं होतं. म्हणजे वाचलं असशील.

आता कार्ड लिहिते आहे. कार्डावर जास्त मावत नाही. कोंबड्या बऱ्या आहेत. मी बरी आहे.

आई


जासई
१९ ऑगस्ट १९७९

पुतळा,

फेब्रुवारीचं कार्ड परत आलं नाही. मी दोन महिने वाट पाहिली आणि मग मानलं की पोचलं.

पनवेलचे गुरांचे डॉक्टर येऊन गेले. मागच्या वर्षी एवढी पिल्लं कशी गेली ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी शेड पाहिली, पिल्लांची खोली पाहिली, मला चार गोष्टी विचारल्या आणि मग बराच वेळ हात धूत राहिले. बाबांच्या पेटीतलं कोंबडीपालनाचं पुस्तक काढून वाच म्हणाले. वाचते आहे. तू मला खाद्याच्या पोत्यांवरची अक्षरं शिकवलीस तेव्हा दहा वर्षांची होतीस. पुढचं मी अंडी बांधायच्या रद्दीवर शिकले. आता जोडाक्षरं अडत नाहीत, पण हे पुस्तक अडतं. एक पान दोन-दोन दिवस चालतं.

डॉक्टर काय म्हणाले ते नंतर लिहीन. कार्ड संपलं.

आई


जासई
३० मार्च १९८०

पुतळा,

आज आंतर्देशीय घेतलं आहे, कारण सांगायचं जास्त आहे. नको असलं तर अर्धं वाच.

पिल्लांच्या खोलीत मी फळ्या लावून तीन कप्पे केले. प्रत्येकात वीस पिल्लं, एकाच दिवशी आलेली. खाद्य एक, पाणी एक. पहिल्या कप्प्यात नवं कोरडं तूस, बाकी काही नाही. दुसऱ्यात रोज मोठ्या कोंबड्यांच्या पायाखालचं चिमूटभर दमट तूस, पंधरा दिवस. तिसऱ्यात तेच तूस, पण पाटीभर, एकाच दिवशी.

जाईबाई कुडाच्या दारातून बघत होती. म्हणाली, "काय गो गोजरा, कोंबड्यांची शालाच काढलीस. पैली, दुसरी, तिसरी." त्यानंतर रोज सकाळी चौकशी करायची, "आज नापास किती?"

तिसऱ्या कप्प्यातली सहाव्या दिवसापासून जायला लागली. तेरा गेली. दुसऱ्या कप्प्यातली आठवडाभरानं जरा मरगळली, पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, दोघांना पातळ झालं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी खाद्यावर तुटून पडली. पहिल्या कप्प्यात सगळं छान, सगळी गुबगुबीत.

दीड महिना झाल्यावर सगळी मोठ्या शेडमध्ये सोडली. पहिल्या कप्प्यातली अकरा पिल्लं आठवडाभरात गेली. तीच गुबगुबीत. दुसऱ्यातलं एक गेलं नाही. तिसऱ्यातली जी सात उरली होती त्यांनाही काही झालं नाही, पण ती वाढलीही नाहीत. अजून एवढीएवढीशीच आहेत. रोग आता त्यांना शिवत नाही, आणि दाणा टाकला की सगळ्यांच्या शेवटी येतात. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसते.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी समजावलं ते असं. तिन्ही कप्प्यांत जंतू तेच, फरक फक्त मापाचा. थोडेथोडे आले तर शरीर त्यांना ओळखून घेतं आणि पुढच्या वेळी तयार राहतं. एकदम आले तर ओळखायला सवडच मिळत नाही, त्याआधी आतडं फाटतं. आणि आलेच नाहीत, तर शरीर कोरं राहतं. मानमोडी हा कोंबड्यांचा दुसरा रोग, तिला असलं काही करायचं नाही, तिला लस आहे, हेही त्यांनी बजावलं. म्हणाले, सगळ्या रोगांना एकच माप नसतं.

जागा संपत आली. तुला यातलं काही नवीन नसेल. मला सगळं नवीन आहे.

आई


जासई
११ जुलै १९८१

पुतळा,

मागचं आंतर्देशीय परत आलं नाही, म्हणून आज पाकीट घेतलं. मी तीन वर्षं जे लिहायचं टाळलं ते लिहायला दोन कागद लागतील.

तुला आठवतं ते मलाही आठवतं. दहाव्याच्या दिवशी मी काडी पेटवली तेव्हा तू ओल्या केसांनी धावत आलीस आणि माझा हात धरलास. तू म्हणालीस, "आई, ढीग नको जाळू. बाबा पिल्लांना त्यातली मूठ घालायचा."

अंगणात सगळे भाऊबंद बसले होते. मला वाटलं, पोरीला सुतकाचं भान नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाप गेला त्याचं काय नाय, हिला कोंबड्यांच्या घानीची परलीय."

तू हात सोडलास. मी पेटवलं.

तुझे बाबा रोज पहाटे मोठ्या शेडच्या मागून मूठ भरून पिल्लांच्या खोलीत जायचे ते मी वीस वर्षं पाहिलं होतं. कधी विचारलं नाही. मला वाटायचं, पायाला लागलेलं झाडतात. त्यांना कोणी शिकवलं, की पिल्लं मरताना बघून ते आपलेआप शिकले, आता कोणाला विचारू? तुला त्यांनी सांगितलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी शेडमधून आलेल्या माणसाला पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हते. अशा बाईला कोण सांगेल की घाणीची एक मूठ मुद्दाम ठेवायची असते?

डॉक्टर शेड बघायला आले त्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, आधीची पिल्लं कशी जगायची? जुनं तूस कधी दाखवलं होतं का? मी अभिमानानं सांगितलं, छे, सगळं जाळलं, चुना मारला. त्यावर ते हात धुवायला गेले. मला तेव्हाच कळलं होतं. तुला लिहायला दोन वर्षं लागली. कप्पे करून पाहिले तेही यासाठीच की डॉक्टरांचं खोटं ठरावं. साठ पिल्लांतली चोवीस मी माझं बरोबर ठरवायला मारली.

ती दोनशे अकरा तुझ्या चपलांनी मेली नाहीत. माझ्या फिनेलनं मेली.

आणि आता दुसरं. चपलांचं मी जे म्हणाले ते चपलांचं नव्हतं. किसनच्या घरी तू पाणी पितेस, जेवतेस, हे मला जाईबाईनं सांगितलं होतं. ते बौद्ध आहेत हे तिनं दोनदा सांगितलं. मला माणसाचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून चपलांचं घेतलं. किसन त्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

माझी चूक झाली. हे मी गावात सांगितलं आहे, जाईबाईच्या तोंडावर, पाणवठ्यावर, चार बायकांत. ती म्हणाली, "एवढ्या कोंबड्या मेल्या तवा तुला पोर आठवली." मी म्हटलं, होय.

पहिल्या पत्रात मी तुला एकटी ये असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेते. ये म्हणायचा हक्क मला आहे की नाही माहीत नाही, म्हणून ये असं लिहीत नाही.

आई


जासई
६ डिसेंबर १९८२

किसनराव,

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही दोन ओळी लिहिल्या, त्या मी सितारामकडून आधी वाचून घेतल्या आणि मग स्वतः वाचल्या, खात्री करायला. 'पत्रं पोचतात. ती दोनदा वाचते. मुलगी झाली, मुक्ता नाव ठेवलं.'

पुतळाला न विचारता तुम्ही लिहिलं असेल तर तिला सांगू नका. मी उत्तरात काही मागत नाही. तुमच्या चपलांचं मात्र तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे. ते कार्डावर बोलायचं नाही, समोर बोलायचं आहे.

मुक्ताचे केस कसे आहेत? पुतळाचे जन्मताच कुरळे होते.

गोजरा


जासई
१९ जानेवारी १९८४

पुतळा,

आपल्या भागातल्या गोळीबाराचं तू रेडिओवर ऐकलं असशील. जमिनीसाठी माणसं रस्त्यावर बसली होती. मीही गेले होते, मागच्या बाजूला बायकांत होते. मला काही झालं नाही. आपल्या घरातल्या कोणाला काही झालं नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांच्या दारात आज दिवसभर बसून आले.

तुला काळजी वाटेल की नाही मला माहीत नाही. वाटली तर नको वाटू दे, म्हणून हे कार्ड.

आई


जासई
८ नोव्हेंबर १९८५

पुतळा,

शेडची जमीन जाणार हे ठरलं. न्हावा शेव्याला बंदर होतं आहे, त्याच्या रस्त्यात आपली शेड येते. मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले. एक खुंटी पिल्लांच्या खोलीच्या दारातच आहे. मी रोज तिला वळसा घालून आत जाते. उपटली नाही. आता उपटून काय करणार?

मोठ्या कोंबड्या देऊन टाकल्या. बारा ठेवल्या आहेत, गावठाणातल्या घरामागे खुराडं केलं आहे. तिसऱ्या कप्प्यातल्या त्या सातांतली एक अजून आहे त्यात. सहा वर्षांची झाली. अंडं कधी धड दिलं नाही, पण बाकीच्या साऱ्या गेल्या आणि ही आहे. जाईबाई तिला गोजरा म्हणूनच हाक मारते. मी हसते. पूर्वी जाईबाईच्या बोलण्याचं मला हसू यायचं नाही.

शेडमधलं तूस मी सगळं टाकलं नाही. एका गोणत्यात भरून खुराड्यात पसरलं, त्यावर नवं, त्यावर पुन्हा जुनं. बाबांच्या वेळचं त्यात काही उरलं असेल असं नाही. त्यांचं सगळं मीच जाळलं. पण त्यांच्या कोंबड्यांच्या कोंबड्यांच्या पायाखालचं आहे. एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेलं.

मुक्ता तीन वर्षांची झाली असेल. या वयात तू बाबांच्या मागे शेडमध्ये शिरायचीस आणि मी तुला बखोटीला धरून बाहेर ओढायचे. तरी तू शिरायचीस. बरं झालं शिरलीस.

सात वर्षं झाली. मी मोजत नाही असं आधी लिहिणार होते, पण ते खरं नाही.

आई


जासई
१६ फेब्रुवारी १९८६

पुतळा,

तुझं कार्ड काल आलं. सितारामनं सायकल कुंपणाला टेकवली, पाणी मागितलं, प्यायला, आणि मग खिशातून कार्ड काढलं. त्याला अक्षर ओळखू आलं होतं. शाळेत असताना तू त्याच्या बायकोची पत्रं लिहून द्यायचीस.

'पन्नास पिल्लं आणली आहेत. तूस किती घालायचं?'

एवढंच. खाली नावही नाही. नावाची गरज नव्हती. 'घ' तू अजून शेंडी जास्त वर नेऊन काढतेस.

मी दिवसभर काही केलं नाही. कार्ड पदराच्या गाठीत बांधलं, सोडलं, वाचलं, परत बांधलं. जाईबाईला दाखवलं. तिनं बोट ठेवून बघितलं, तिला वाचता येत नाही, आणि म्हणाली, "तिला म्हाईत नाय व्हय? हिरामणचीच पोर ती." तुझ्या बाबांचं नाव घराबाहेरच्या कोणी घेतल्याला किती दिवस झाले होते.

तुला माहीत आहे हे मलाही कळतं. आठ वर्षांची होतीस तेव्हापासून माहीत आहे. मला माहीत नव्हतं तेव्हाही तुलाच माहीत होतं. तरी तू विचारलंस, म्हणून सांगते.

पन्नास पिल्लांना रोज एक मूठ. माझी नव्हे, तुझी. बाबांची मूठ तुझ्या दोन मुठींएवढी होती, हे लक्षात ठेव. एरवी तिसऱ्या दिवसापासून सुरुवात करतात, तू तूस हातात पडेल त्या दिवसापासून कर, पंधरा दिवस घाल. तूस दमट हवं, ओलं नको. पिळलं तर पाणी सुटता कामा नये. सगळ्या जागेवर पसर, एका कोपऱ्यात टाकू नको, नाहीतर धीट असतात ती सगळं खातात आणि भित्र्यांना काही मिळत नाही. आठवड्यानं मरगळतील. घाबरू नको. दोन दिवस बघ. तिसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर मूठ अर्धी कर. बंद करू नको. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई करायची नाही, हे मी तुझ्यावर करून पाहिलं आहे. पहिलं पत्र पाटीभर होतं.

तूस पोस्टानं पाठवता येत नाही, मी सितारामला विचारलं. वाटेत वाळलं तर उपयोग नाही. ओल्या फडक्यात बांधून, वर कापडी पिशवी, असं कोणीतरी हातातच आणायला हवं. बारा कोंबड्या तेवढे दिवस जाईबाई बघते म्हणाली. दाराच्या कडीला एका हातानं फळी आणि दुसऱ्यानं कडी, ते मी तिला दाखवून ठेवलं आहे. मला ते आता जमतं.

येत्या शनिवारी पनवेलहून एस.टी. धरते. कुठे बदलायची ते सितारामनं कागदावर लिहून दिलं आहे. रविवारी दुपारपर्यंत पोचेन. किसनरावांना सांग, थांब्यावर यायची गरज नाही, घर मी विचारत येईन. चपला मी दारात काढीन. आत यायचं की नाही ते तुम्ही सांगा.

या खेपेला एकच दिवस राहीन. तूस देईन, मुक्ताचे केस बघेन आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं निघेन. पुढचं तू ठरव, पिल्लं कशी आहेत ते बघून.

आई